तळभंडाऱ्यांच्या घरातली कंपाला पद्धत

"चौतीस वर्षं नगरसचिव कार्यालयात काढली, पण कागद सोडून दुसरीकडं शाईचा एक थेंब सांडला न्हाय माज्या हातनं," धर्मपाल तळभंडारे म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर निळा डाग पसरायला लागला.

मनकर्णानं तो आधी बघितला. पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या चुका त्याच्याआधी दिसायची तिला सवय झाली होती. तिनं घाई केली नाही. चहाचा कप खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"आवं, पुरीएवढा झाल्यावर सांगू का आत्ताच सांगू?"

"काय?"

"थेंब."

धर्मपालांनी शर्ट बदलला, पेन बदललं नाही. बॉलपेननं ठराव होत नाही, वाण्याची यादी होते, असं त्यांचं मत होतं. शाईची पेनं बाजारातून जाणार, अशी कुणकुण लागल्यावर त्यांनी अर्ध्या लिटरची निळ्या शाईची बाटली आणून ठेवली होती. ती बाटली, लाल कापडी बांधणीची वही आणि पेन घेऊन ते रविवारी सकाळी नऊला अंगणात आले आणि हौदाच्या कट्ट्यापाशी खुर्ची टाकून बसले.

वही शहाण्णव सालापासूनची. पहिल्या मजल्याचा स्लॅब पडला तेव्हापासून भवानी पेठेतल्या या घरात जे काही ठरलं किंवा ठरलं नाही, ते सगळं तिच्यात होतं. एक ठराव असा होता : 'धम्मदीपच्या लग्नात बेंजो असावा किंवा कसे, यावर चर्चा होऊन विषय तहकूब.' लग्न झालं, बेंजो वाजला, धम्मदीपला पोरगं झालं, ते आता आफ्रिकेत सहावीत होतं. विषय अजून तहकूबच होता.

आजची सभा मात्र साधी नव्हती. गेल्या महिन्यात धर्मपाल गच्चीच्या जिन्यावरून पडले, तेव्हापासून त्यांनी कारभार सोपवायचं मनात घेतलं होतं. कारभार म्हणजे मोटारीची किल्ली. नळाला पाणी यायचं पाचव्या दिवशी. ते अंगणातल्या हौदात पडायचं आणि तिथनं मोटार ते वर चढवायची. तिन्ही मजले एकमेकांच्या नकळत मोटार चालवतात म्हणून तिच्या पेटीला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली धर्मपालांच्या करदोट्याला. ज्याच्याकडं किल्ली, त्याचं घर ऐकायचं.

नियमाप्रमाणे तीन दिवस आधी जिन्याखालच्या मीटरपाशी सूचना चिकटवली होती. विषय चार होते. चौथा असा : 'तळमजल्यावरील पुढील खोली रिकामी करून तेथे चारचाकी वाहन लावणेबाबत.'

खोलीत माणूस राहतं, हे सूचनेत नव्हतं. विषयात माणसाचं नाव घालू नये, भांडणं होतात, हे धर्मपाल चौतीस वर्षांत शिकले होते. पण सूचना चिकटवल्यापासून ते त्या मीटरपासून जाताना मान दुसरीकडं वळवत होते, आणि वीज किती जळाली ते त्यांना तीन दिवस कळलं नव्हतं.

*

धर्मपालांच्या लेकीनं, संघप्रियानं, ती सूचना सभेच्याच सकाळी वाचली, दवाखान्यातली नर्सची ड्यूटी संपवून आल्यावर. तीन दिवस ती अंधारात जात होती, उजेडात येऊन झोपत होती. मीटर वाचायची वेळच आली नव्हती.

तिनं चौथा विषय दोनदा वाचला. मग पुढच्या खोलीचं दार उघडून आत गेली. कॉट, कपाट, खिडकीत तुळशीची कुंडी, टेबलावर बीपीचं मशीन. सहा वर्षांपूर्वी बार्शीहून एक बॅग घेऊन आली तेव्हा आई म्हणाली होती, "रहा की चार दिवस." चार दिवस कुणी मोजले नव्हते. आज वहीत मोजणार होते.

"तूच वाचायची राहिली हुतीस," दारात मनकर्णा उभी होती.

"तू वाचलंस?"

"मला कुटं वाचाय येतंय. पण ह्यांनी चिकटवताना चारदा खाकरलं, तवाच म्हटलं, काय तरी वंगाळ लिवलंय."

"मग बोलली न्हाईस ती?"

मनकर्णा आत आली. तिनं कुंडीतली दोन पिवळी पानं खुडली, कनवटीला खोवली आणि गेली.

*

वर गच्चीवर दोन भाऊ उभे होते. धाकटा धम्मदीप आठ दिवसांपूर्वी आफ्रिकेतल्या कंपाला शहरातून रजेवर आला होता. अकरा वर्षं तो तिथं पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होता. बायको-पोरगं तिकडंच होती, पोराची परीक्षा होती.

"ही गच्ची बघ," मोठा संघपाल म्हणाला. तो शाळेत हेडक्लार्क होता, आणि गच्ची दाखवतानाही रजेचा अर्ज मंजूर करतोय असा हात हलवायचा. "ही सगळी तुजी. हितं तू खोली बांध, न्हाय तर बाग कर. मी अडवायचा न्हाय."

"आन ताई?"

"तिला काय रस्त्यावर काढतोय व्हय? आईच्या खोलीत झोपंल की. गाडी पुढच्या महिन्यात येती. रस्त्यावर लावली की पोरं क्रिकेट खेळून काच फोडतेत."

"अजून आली न्हाय तर काच कशी फुटंल?"

"तू कुणाकडनं हायस?"

धम्मदीपनं गच्ची बघितली. मग खाली अंगणात वहीच्या रेघा मोजत बसलेल्या बापाकडं बघितलं.

"तुज्याकडनंच," तो म्हणाला.

"मग खाली गेल्यावर दादांना ते तुज्या कंपालाचं सांग. लॉर्ड मेयरचं. दादांना असलं लई आवडतंय."

*

सभा सव्वानऊला सुरू झाली. गणसंख्या सात पैकी सात. अध्यक्षस्थानी धर्मपाल. उपस्थितांमध्ये मनकर्णा भाकरीचं पीठ मळत होती, संघपालची बायको अपेक्षा लसूण सोलत होती, त्यांची लेक बुद्धप्रिया वकिलीच्या पुस्तकात मोबाइल ठेवून वाचत होती. संघप्रिया आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर. हौदाचं लोखंडी झाकण बाजूला काढून ठेवलं होतं, कारण पाण्याचा दिवस होता. वेळेचा मात्र भरवसा नव्हता.

"बोल," धर्मपालांनी पेन उघडलं.

"तितं असं हाय दादा," धम्मदीप म्हणाला. "कंपालात लॉर्ड मेयर म्हणून एक असतोय. अख्खं शहर मत देऊन त्याला निवडतंय. अंगात झगा, गळ्यात मोठी साखळी."

"उन्हाळ्यात पण?" मनकर्णा.

"कार्यक्रमाला गं. आन त्याच्या जोडीला एक एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर. त्याला लोक न्हाय निवडत, राष्ट्राध्यक्ष नेमतोय. पैसा, माणसं, कचऱ्याच्या गाड्या, सगळं त्याच्या हातात."

"मग झगेवाल्याकडं काय राहिलं?" मनकर्णा म्हणाली.

"झगा."

धर्मपाल खुर्चीत पुढं सरकले. असं सुख त्यांना निवृत्तीनंतर मिळालं नव्हतं. "आपल्याकडं तरी येगळं काय हाय रं? महापौर आन आयुक्त. एकाला मान, दुसऱ्याला सही. फरक येवढाच, आपल्या महापौराला नगरसेवक निवडतेत. तितं लोकं निवडतेत म्हंजे झगा जरा वजनदार." त्यांनी वहीत लिहिलं : 'झग्यावर सविस्तर चर्चा.' "आन दोघांचं पटलं न्हाय तर?"

"दोघांच्या वर एक मंत्री हाय. नुसत्या कंपालासाठीचा."

"आन मंत्र्याचं पटलं न्हाय तर?" मनकर्णानं विचारलं.

"आई, मी पाइपच्या कारखान्यात हाय. मला येवढंच ठावं."

संघपाल उठून उभा राहिला. शाळेत तो उभा राहिला की शिपाई बसायचे. "दादा, माजं म्हणणं असं की आपण बी हेच करू. तुमी लॉर्ड मेयर. तुमचा मान तसाच. सह्या, वही, सगळं तुमच्याकडं. आन डायरेक्टर म्हणून रोजचा व्याप मी बघतो. किल्ली माज्याकडं."

"म्हंजे मला झगा," धर्मपाल म्हणाले.

"मान, दादा."

"आन मी?" मनकर्णा पिठाचे हात वर करून म्हणाली. "मी राष्ट्राध्यक्ष व्हते. कुणाला नेमायचं ते सांगते. पण आदी भाकरी."

अपेक्षा हसली आणि लसणाची साल तिच्या नाकात गेली. ती शिंकेपर्यंत सभा थांबली.

"बाबा, तिथं एवढंच नाहीये," बुद्धप्रिया मोबाइलमधून वर न बघता म्हणाली. "शहराचे पाच भाग आहेत आणि प्रत्येकाला वेगळा महापौर. शिवाय कौन्सिलमध्ये बायकांच्या जागा, तरुणांच्या, अपंगांच्या. वकिलांच्या संघटनेची एक, इंजिनिअरांची एक, डॉक्टरांची एक. म्हणजे जो शहरात राबतो त्याची कुठंतरी जागा धरलीय. मग आत्याची जागा कुठली?"

"डॉक्टरची हाय म्हणलीस," संघपाल म्हणाला. "नर्सची म्हणलीस का?"

"नाही."

"झालं तर."

"बाबा!"

"संघप्रिया बसू दे की. ऐकू दे. मी न्हाय कुटं म्हणतोय?" संघपाल बहिणीकडं न बघता म्हणाला. "पण मताचं म्हणशील तर कागदावर बघावं लागतंय. तिचं रेशनकार्ड अजून बार्शीला हाय. मी काय माज्या मनाचं बोलत न्हाय."

ते खरं होतं. बार्शीच्या नवऱ्यानं दुसरा संसार मांडला, पण रेशनकार्डावरून पहिलीचं नाव कमी केल्याचा दाखला काही दिला नाही. सहा वर्षं संघप्रिया कागदावर त्याच्या घरी जेवत होती.

धर्मपालांना काहीतरी बोलायचं होतं. अध्यक्षांनी चर्चेत भाग घेऊ नये, हे त्यांना त्याच वेळी आठवलं. असे नियम त्यांना नेहमी अशाच वेळी आठवायचे.

"दीपू," उंबऱ्यावरून संघप्रिया बोलली. सकाळपासून तिचं पहिलं वाक्य. "तू तितं परका माणूस. तुला खोली कशी मिळाली रं?"

"कुटं? कंपालात?"

"व्हय. रेशनकार्ड मागितलं का तुला?"

धम्मदीप हसला, कारण गोष्ट चांगली होती आणि ती कुठं चालली आहे ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. "न्हाय गं. तितं प्रत्येक गल्लीला एक चेअरमन असतोय. लॉर्ड मेयर झग्यात तिकडं लांब, पण गल्लीतला माणूस चेअरमनला वळखतोय. खोली घ्यायची, खातं काढायचं, काय बी असू दे, त्याचं पत्र आन गोल शिक्का पायजे. आमच्या गल्लीत नाकाटो म्हणून बाई चेअरमन हुती. केळ्याचे घड विकायची. तिच्याकडं गेलो तर म्हणली, चार दिसांनी ये."

"चार दिवस काय केलं तिनं?"

"काय न्हाय. बघितलं."

"काय बघितलं?"

"मी रोज संध्याकाळी परत येतोय का, ते." धम्मदीपचा आवाज थोडा खाली आला. "पाचव्या दिवशी पत्र दिलं. दोनच ओळी हुत्या. हा माणूस हितं राहतो. मी याला वळखते. आन शिक्का."

"येवढंच?"

"येवढंच. त्याच्यावर अकरा वर्षं राहिलो मी."

संघप्रियानं मान हलवली. "मी सहा वर्षं रोज परत येती," ती म्हणाली. "हितंच येती."

अपेक्षाच्या हातातली लसणाची पाकळी सोलून झाली होती, तरी ती सोलत राहिली. धर्मपालांचं पेन वहीवर थांबलं. असलं वाक्य इतिवृत्तात कसं घ्यायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'एका सदस्यांनी माहिती दिली.' मग 'सदस्यांनी' या शब्दाकडं बराच वेळ बघत बसले. तो त्यांच्या हातून आपोआप पडला होता.

"ती नाकाटो, तिला कुणी नेमलं?" बुद्धप्रियानं विचारलं. तिचा मोबाइल आता पुस्तकात मिटलेला होता.

"निवडून आली. लई जुन्या निवडणुकीत. मी तितं गेल्यावर चार वर्षांनी परत निवडणूक झाली, तवा बी तीच. त्याच्या आदी कितीतरी वर्षं झालीच नव्हती म्हणं."

"आपल्याकडं बी मधी प्रशासकच हुता की," धर्मपाल पुटपुटले.

"पण लई मजा. पेटी न्हाय, चिठ्ठी न्हाय. मैदानात उमेदवार उभे राहतेत आन ज्याला जो पायजे त्याच्या पाठीमागं रांगेत उभं राहायचं. मग डोकी मोजायची."

"समद्यांच्या समोर?" मनकर्णानं पीठ सोडलं. "मग भांडणं न्हाय व्हत?"

"व्हतेत की. पण चोरून व्हत न्हाईत."

"आजोबा," बुद्धप्रिया उठली. "कंपाला पद्धत करायचीच तर पुरी करू. किल्ली कुणाकडं, ते रांगेनं ठरवू. मी आत्याचं नाव सुचवते."

"संघप्रिया मतदार न्हाय," संघपाल म्हणाला.

"मतदार नसू दे. उमेदवार होईल. कुठं लिहिलंय की होता येत नाही?"

सगळ्यांनी धर्मपालांकडं बघितलं. धर्मपालांनी वही चाळली. शहाण्णव सालापासून कुठंही लिहिलं नव्हतं.

"मला नको," संघप्रिया म्हणाली. "मला नुसतं माज्या—"

"राहू दे, राहू दे, हुभी राहू दे," संघपालनं बाह्या सरळ केल्या. गच्चीवरचा सौदा त्याच्या खिशात होता. "घ्या रांग. दुधाचं दूध हुतंय."

*

संघपाल फाटकापाशी उभा राहिला, हात मागं बांधून. संघप्रिया उंबऱ्यावरून उठलीच नाही, तेव्हा बुद्धप्रियानं उंबराच जागा धरला आणि तिच्या मागं, खोलीच्या आत जाऊन उभी राहिली.

"तू माजी लेक हायस ना गं?" संघपाल म्हणाला.

"लेक आहे. रांग वेगळी आहे."

अपेक्षा लसणाचं ताट घेऊन उठली. दोन पावलं नवऱ्याकडं गेली, थांबली, ताट खाली ठेवलं, परत उचललं. तिला आठवलं, दोन वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं तेव्हा नऊ रात्री कोण बसलं होतं. मग तिला गाडी आठवली, माहेरी मोडनिंबला गाडीतून उतरायचं आठवलं. ती नवऱ्याच्या मागं जाऊन उभी राहिली, पण ताट मधे धरून.

"आई, तू?"

"राष्ट्राध्यक्ष रांगेत हुबा राहत न्हाय," मनकर्णा म्हणाली, आणि तव्यावर भाकरी टाकायला आत गेली. 

अध्यक्षांना मत नाही. राहिला धम्मदीप.

तो अंगणाच्या मधोमध उभा होता. एका बाजूला गच्ची होती. दुसऱ्या बाजूला उंबरा. त्याला वाटलं होतं रांग म्हणजे गंमत. कंपालाच्या त्या मैदानात तो बाहेर उभा राहून शेंगा खात बघत होता, परक्या माणसाला मत नव्हतं. तेव्हा लोक रांग बदलताना एवढा वेळ का लावतात, म्हणून तो हसला होता. आता त्याला कळलं की पायांना वजन असतं.

"ये की," संघपाल म्हणाला. "ठरलंय ना आपलं."

"काय ठरलंय?" उंबऱ्यातून बुद्धप्रिया ओरडली. "आजोबा, अध्यक्ष महाराज, बाहेर काहीतरी ठरलंय!"

"शांतता," धर्मपाल म्हणाले. "सदस्यांनी पाऊल उचलावं."

धम्मदीपनं पाऊल उचललं.

ते कुणीकडं पडणार, ते कुणालाच बघायला मिळालं नाही. संघप्रियाच्या हातातला मोबाइल एकदा वाजला आणि बंद झाला. ती ताडकन उठली.

"ईश्वरप्पा," ती म्हणाली. "पाणी!"

ईश्वरप्पा हा गल्लीचा वॉल्व्ह उघडणारा माणूस. संघप्रिया दर आठवड्याला त्याची साखर तपासायची आणि तो न चुकता जिलेबी खायचा. वॉल्व्ह फिरवला की तिला मिसकॉल द्यायचा. तो वाजल्यापासून नळाला पाणी यायला चार मिनिटं लागायची. घरातलं पाणी पहाटेच संपलं होतं. कुणाची अंघोळ नव्हती.

सभा फुटली. अपेक्षानं लसणाचं ताट हौदाच्या कट्ट्यावर टाकलं आणि वर पळाली. धम्मदीप घागर शोधत बापाच्या खुर्चीला धडकला. आतून मनकर्णा तांब्याची कळशी घेऊन आली, मागं भाकरी करपत होती. जिन्यावर संघपाल आणि त्याच्या दोन बादल्या एकमेकांत अडकल्या.

संघप्रिया नळापाशी जाऊन बसली. हे काम सहा वर्षं तिचंच होतं, कुणी दिलं नव्हतं. पहिलं गढूळ पाणी झाडांना सोडायचं, कधी स्वच्छ झालं ते तळहातावर घेऊन बघायचं, मग पिण्याच्या भांड्यांना लावायचं, आणि सगळ्यांचं भरल्यावर पाइप हौदात टाकायचा. एकदा संघपालनं तिला डावलून घाई केली होती, तेव्हा तीन मजले दोन दिवस गाळ प्यायले.

"थांबा," ती म्हणाली. "अजून लाल हाय."

सगळे थांबले. तिच्या मागं बुद्धप्रिया, मग मनकर्णा, मग घागर घेऊन धम्मदीप, मग अपेक्षा, आणि शेवटी दोन बादल्यांसह संघपाल.

"ताई," धम्मदीप हळूच म्हणाला, "मी तुज्याकडंच येत हुतो."

"मग घागर सरळ धर. सांडंल."

धर्मपाल एकटेच खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा पुसला. उठून उभे राहिले. आणि पेनाच्या टोकानं हवेत एकेक डोकं मोजायला सुरुवात केली.

"एक. दोन. तीन. चार. पाच."

"काय मोजताय?" संघपालनं विचारलं.

"रांग."

"दादा! ही पाण्याची रांग हाय! मताची न्हाय!"

"कंपाला पद्धतीत उमेदवाराच्या पाठीमागं हुभं राहायचं असतंय. दीपू, का हुभा राहिला ते इचारतेत का तितं?"

"न्हाय दादा. डोकी मोजतेत."

"मग कारण लिवून घ्यायची तरतूद न्हाय," धर्मपाल म्हणाले. "ज्याला मान्य नसंल त्यानं रांगेतनं बाहेर व्हावं. अध्यक्ष एक मिनिट देतेत."

त्यांनी घड्याळ बघितलं.

संघपालनं एक पाय बाहेर काढला. नळ खळाळला, लाल पाणी पांढरं झालं, बुद्धप्रियाचा हंडा भरायला लागला. त्याच्या दोन बादल्या, आणि त्याच्या मागं भिंत.

"हलू नगा," अपेक्षा दातांतून म्हणाली. "नंबर गेला तर शेवटी गाळच येतोय. आंघोळीला काय शाळेतनं आणताय?"

"तू कुणाकडनं हायस?"

"मी पाण्याकडनं हाय. सहा वर्षं पाणी कोण देतंय ते बघा की जरा."

पाय आत आला. मिनिट संपलं.

"पाच विरुद्ध शून्य," धर्मपाल म्हणाले. मग त्यांनी लेंग्याच्या नाडीत हात घातला. करदोट्याची गाठ सुटेना, तेव्हा मनकर्णा कळशी खाली ठेवून आली आणि तिनं ती दातांनी सोडवली. किल्ली बापानं लेकीच्या ओल्या हातात दिली.

"दादा, मला खोली पायजे हुती नुसती. ही कशाला?"

"एकाबरोबर दुसरी येती. आता चौथा विषय तुज्याकडं हाय."

संघप्रियानं किल्लीकडं बघितलं, मग भावाकडं. "तहकूब," ती म्हणाली.

घरातल्या प्रत्येकाला बेंजो आठवला.

"मग गाडी कुटं लावू मी?" संघपालचा आवाज शाळेतला राहिला नव्हता.

"येऊ दे की आदी. रोज संध्याकाळी परत येती का, चार दिवस बघू." ती उठली आणि त्याच्या हातातली एक बादली घेऊन नळाखाली सरकवली. "तुजी भर. गॅसवर गरम कर पण. गिझर लावू नगंस, वायर जळतीय तुजी."

संघपालनं दुसरी बादली धरून ठेवली.  बादली भरल्यावर मात्र तो लगेच गेला नाही, पाइप हौदात टाकायला त्यानं बहिणीबरोबर हात लावला.

धर्मपाल परत खुर्चीत बसले. शहाण्णव सालापासून त्यांनी ठरावाची भाषा कधी मोडली नव्हती. आज त्यांनी 'सर्वानुमते', 'बाबत', 'किंवा कसे' सगळं बाजूला ठेवलं आणि दोनच ओळी लिहिल्या.

'संघप्रिया या घरात राहते. आम्ही तिला ओळखतो.'

"काय लिवलं?" मनकर्णानं विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं. तिनं कनवटीला सकाळपासून खोवलेली पिवळी पानं काढून टाकली, पिठाचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मग तीन दिस खाकरत कशाला हुता?"

धर्मपालांनी वही पुढं ओढली. खाली सही करायला घेतली. 'ध' झाला, 'र्म' झाला, आणि पेन सुकलं. सकाळची सगळी शाई शर्टानं पिऊन टाकली होती.

"बॉलपेन देऊ का आजोबा?" बुद्धप्रियानं विचारलं.

"चौतीस वर्षांत," धर्मपाल म्हणाले, आणि कट्ट्यावरच्या बाटलीचं झाकण उघडून, लसणाच्या ताटाच्या पलीकडं, न बघता पेन बुडवायला हात नेला.

बाटली हौदात पडली. पुढचे पाच दिवस तिन्ही मजल्यांवर निळं पाणी आलं.